डिगॉक्सिन, आई आणि रोजची नाडी

आईची नाडी कशी मोजायची हे मला वॉर्डातल्या एका सिस्टरनी शिकवलं. "पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका," त्या म्हणाल्या. "यांचे ठोके अनियमित आहेत. पूर्ण एक मिनिट मोजा, आणि गोळी द्यायच्या आधी मोजा." त्या दिवसापासून एक वही केली. तारीख, ठोके, वजन, गोळी दिली की नाही. पुढे ही वही फार उपयोगी पडली. पण वहीत आकडा लिहिणं आणि त्याचा अर्थ कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला जरा उशिरा समजलं. तेच सांगायचं आहे.

आई 74 वर्षांची. धाप लागते, पायावर सूज येते म्हणून नेलं तेव्हा ईसीजीत ॲट्रियल फिब्रिलेशन निघालं, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत होते. ठोके मिनिटाला 140 च्या आसपास आणि इकोमध्ये पंपिंग 35 टक्के. रक्त पातळ ठेवणारी गोळी, लघवीची गोळी आणि ठोके कमी करायला बीटा ब्लॉकर सुरू झालं. पण आईचं ब्लडप्रेशर मुळातच कमी, त्यामुळे बीटा ब्लॉकरचा डोस वाढवता येईना. तेव्हा डॉक्टरांनी डिगॉक्सिन जोडलं, रोज 125 मायक्रोग्रॅम. "हे ब्लडप्रेशर पाडत नाही आणि ठोके आवरतं," ते म्हणाले, "पण फायद्याचा डोस आणि त्रासाचा डोस यांच्यात अंतर फार थोडं आहे."

मी घरी येऊन वाचायला बसले. गोळी फॉक्सग्लोव्ह नावाच्या फुलझाडाच्या कुळातली आहे. इंग्लंडमधल्या विल्यम विदरिंग या डॉक्टरांना 1775 मध्ये श्रॉपशरमधल्या एका वृद्ध बाईचा घरगुती उपाय कळला. अंगावर पाणी चढलेली माणसं त्याने बरी होत. त्यात वीसेक वनस्पती होत्या, पण गुण फॉक्सग्लोव्हचा आहे हे विदरिंग यांनी ओळखलं. मग दहा वर्षं रुग्णांना मोजून मोजून देत त्यांनी नोंदी ठेवल्या आणि 1785 मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. त्यांनी बऱ्या झालेल्यांबरोबर बिघडलेल्या केसेसही लिहिल्या, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. डोस जास्त झाला तर मळमळ, उलट्या, जुलाब, चक्कर, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसणं, नाडी 35 पर्यंत उतरणं, आणि शेवटी मृत्यू, असं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे. हे मी आईला या गोळीचा त्रास व्हायच्या पाच महिने आधी वाचलं होतं. वाचलेलं वेळेवर आठवलं नाही, इतकंच.

आजची गोळी त्याच कुळातल्या लोकरी पानांच्या फॉक्सग्लोव्हमधून येते. 1930 मध्ये त्यातून शुद्ध डिगॉक्सिन वेगळं काढण्यात आलं आणि अजूनही ते झाडापासूनच मिळवलं जातं. आमच्याकडे भेटायला येणारे म्हणायचे, "झाडपाल्याचंच आहे ना, मग काय होणार?" मला याची काळजी वाटते म्हणून स्पष्ट लिहिते. कण्हेरीत, पिवळ्या कण्हेरीतही, याच जातीची द्रव्यं असतात आणि ती खाऊन माणसं दगावतात. झाडाच्या प्रत्येक पानात द्रव्याचं प्रमाण वेगळं असतं. गोळीचा भरवसा आहे तो तिच्यात नेमके किती मायक्रोग्रॅम आहेत हे ठाऊक असतं म्हणून.

हे औषध करतं काय, हे डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. पेशीच्या आवरणात एक पंप असतो. तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. येन्स स्कू या डॅनिश शास्त्रज्ञांनी 1957 मध्ये तो दाखवून दिला आणि त्यासाठी 1997 चं नोबेल मिळवलं. डिगॉक्सिन बाहेरून येऊन या पंपावर बसतं आणि त्याचा वेग कमी करतं. मग पेशीत सोडियम साठतं. शेजारी दुसरी एक वाट असते, ती सोडियम आत घेऊन त्याच्या बदल्यात कॅल्शियम बाहेर काढते. आतच सोडियम जास्त झालं की ही अदलाबदल मंदावते आणि कॅल्शियम पेशीत उरतं. स्नायू आकुंचन पावतो तो कॅल्शियमच्या बळावर, म्हणून ठोका जोरदार पडतो.

आईच्या बाबतीत दुसरं काम जास्त महत्त्वाचं होतं. डिगॉक्सिन व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा प्रभाव वाढवतं. त्यामुळे वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे संदेश नेणारं जे नाकं आहे, एव्ही नोड, ते मंद होतं. वर थरथर चालूच राहते, पण खाली मोजकेच संदेश पोचतात. बसल्या जागी याचा फायदा चांगला होतो. श्रम करताना व्हेगसचा जोर ओसरतो, त्यामुळे आई जिना चढली की ठोके तरीही वाढायचे. औषध लागू पडत नाही असं तिला वाटे. तसं नव्हतं.

चित्राच्या कडेला डॉक्टरांनी एक शब्द लिहून दोनदा गोल केला होता: पोटॅशियम. पंपावरच्या त्या जागेसाठी पोटॅशियम आणि डिगॉक्सिन यांची झटापट असते. रक्तात पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिनला मोकळं रान मिळतं, मग रक्तातलं प्रमाण ठीक असूनही त्रास होऊ शकतो. लघवीची गोळी नेमकं पोटॅशियमच बाहेर टाकते. मॅग्नेशियमचंही तसंच. म्हणून आईची तपासणी म्हणजे डिगॉक्सिनची पातळी, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन असा चौघांचा संच होता. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा, अशासाठी की हे औषध मुख्यतः मूत्रपिंडातून, न बदलता, बाहेर पडतं. मूत्रपिंड ठीक असेल तर अर्धं औषध जायला साधारण दीड ते दोन दिवस लागतात. मूत्रपिंड मंद असेल तर चार-पाच दिवसही.

पहिल्या तपासणीला माझ्याकडून एक चूक झाली. सकाळी गोळी दिली आणि तासाभरात रक्त काढायला नेलं. पातळी 2.4 आली. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे आईसारखं हृदयाचं पंपिंग कमी पडतं तेव्हा, 0.5 ते 0.9 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर अपेक्षित असते. माझे हातपाय गळाले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळी कधी दिली होती?" गोळी पोटातून आधी रक्तात येते, मग हळूहळू स्नायूंमध्ये पसरते. तोपर्यंत रक्तातला आकडा खोटाच मोठा दिसतो. कमीत कमी सहा तास जायला हवेत, आणि सगळ्यात बरं म्हणजे पुढच्या गोळीच्या आधी रक्त द्यावं. दोन दिवसांनी तसं दिलं तर 0.8 आली. तेव्हापासून आईची गोळी रात्री आणि तपासणी सकाळी. नाडी मोजायची ती रात्री गोळीच्या आधी.

पाच महिने उत्तम गेले. सूज उतरली, आई स्वतःची कामं करू लागली, वहीत ठोके 70 ते 85.

मग तिला खोकला आणि ताप आला. आमचे डॉक्टर बाहेरगावी होते म्हणून दुसरीकडे दाखवलं. तिथे क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मिळालं. मी चालू औषधांची यादी नेली नव्हती. "हृदयाच्या गोळ्या चालू आहेत," एवढंच सांगितलं. क्लॅरिथ्रोमायसिन डिगॉक्सिनला शरीराबाहेर काढणारी वाट अडवतं, त्यामुळे रक्तातली पातळी वर जाते. ॲमिओडॅरोन आणि व्हेरापामिल या हृदयाच्या औषधांनीही ती वाढते. ॲमिओडॅरोन सुरू करताना तर डिगॉक्सिनचा डोस बहुधा निम्मा करतात. हे सगळं मला नंतर कळलं.

चौथ्या दिवशी आईचं जेवण कमी झालं. सहाव्या दिवशी तिने ताट पुढे सारलं. मळमळ, अशक्तपणा, दोनदा जुलाब. मी म्हटलं, अँटिबायोटिकमुळे होतं असं. घरातल्या सगळ्यांना ते पटलं. वयस्कर माणसाने जेवण टाकलं तर त्याला हजार कारणं सापडतात, म्हणूनच हे लक्षण हातातून निसटतं. जेवण नाही, पाणी कमी, वर जुलाब आणि लघवीची गोळी चालूच. म्हणजे पोटॅशियम उतरत होतं आणि मूत्रपिंडांवर ताण येत होता.

सातव्या रात्री मी नाडी मोजली. 52. सिस्टरनी सांगितलं होतं, 60 च्या खाली गेली तर गोळी द्यायची नाही आणि फोन करायचा. गोळी मी दिली नाही. पण फोन केला नाही, कारण त्या रात्री मला एक गोष्ट चांगली वाटली होती. ठोके एकसारखे पडत होते. पाच महिने मी अडखळती नाडी मोजत होते, आणि आज बोटाखाली घड्याळासारखी टिकटिक. मी आईला म्हटलं, "आई, तुझे ठोके नियमित झाले!" ती हसली. मी वहीत तसं लिहिलंसुद्धा.

ॲट्रियल फिब्रिलेशन असलेल्या, डिगॉक्सिन घेणाऱ्या माणसाची नाडी अचानक मंद आणि एकसारखी झाली तर ती धोक्याची खूण असू शकते. वरून येणारे संदेश नाक्यावर पूर्ण अडलेले असतात, आणि खालचा भाग जीव राखायला स्वतःच्या संथ लयीत चालत असतो. आईचं तेच झालं होतं. आम्हाला कोणीच हे आधी सांगितलं नव्हतं. म्हणून मी भेटेल त्या प्रत्येकाला, ज्यांच्या घरी ही गोळी आहे त्यांना, हे आवर्जून सांगते.

सकाळी आई म्हणाली, "ट्यूबलाइट बदललीस का? पिवळा प्रकाश पडतोय." ट्यूबलाइट तीच होती. भिंतही तिला पिवळट दिसत होती, दिव्याभोवती कडी दिसत होती. तेव्हा विदरिंग आठवले. नाडी 44. मी सगळ्या गोळ्या, रिकाम्या पाकिटांसकट, एका पिशवीत घातल्या आणि थेट इमर्जन्सीत गेले.

पातळी 2.9, शेवटची गोळी होऊन दीड दिवस उलटून गेल्यावरची. पोटॅशियम 3.0. क्रिएटिनिन 1.1 वरून 1.7. आयसीयूत मॉनिटर लावला, डिगॉक्सिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन बंद केलं, लघवीची गोळी थांबवली, पोटॅशियम सलाइनमधून अगदी हळू दिलं आणि दर काही तासांनी रक्त तपासलं. मी विचारलं, "डायलिसिसने निघून जाणार नाही का?" नाही. औषधाचा फार थोडा भाग रक्तात असतो, बाकी सगळं स्नायूंत जाऊन बसलेलं, तिथे डायलिसिस पोचत नाही. उतारा आहे तो वेगळा: मेंढ्यांच्या शरीरात तयार केलेल्या प्रतिपिंडांचे तुकडे. ते रक्तात डिगॉक्सिनला धरतात आणि पंपावरून सोडवून घेतात. माणसावर ते पहिल्यांदा 1976 च्या सुमारास वापरले गेले. आईसाठी त्यांची चौकशी करून ठेवली होती. ठोके आणखी उतरले असते, भलते ठोके सुरू झाले असते किंवा ब्लडप्रेशर पडलं असतं तर द्यायचे ठरलं होतं. गरज पडली नाही. पातळी 0.9 वर यायला पाच दिवस लागले. तिसऱ्या दिवशी नाडी पुन्हा अडखळती झाली आणि मी आनंदाने रडले.

डिस्चार्जच्या आधी प्रश्न आला, डिगॉक्सिन परत सुरू करायचं का. डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगितलं. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या 6,800 रुग्णांना डिगॉक्सिन किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली होती. डिगॉक्सिनने आयुष्य वाढलं नाही, पण हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होण्याची वेळ कमी जणांवर आली. तो अभ्यास नियमित ठोके असलेल्या रुग्णांचा होता, हेही त्यांनी सांगितलं. "तुम्हाला याचा उपयोग ठोके आवरायला आहे. बीटा ब्लॉकर वाढवून पाहू शकतो, पण तुम्हाला चक्कर येईल." आई म्हणाली, "ते पाच महिने मी बरी होते. कमी द्या, पण द्या." मला भीती वाटत होती. निर्णय तिचा होता, आणि तिने तो समजून घेतला होता.

आता डोस 62.5 मायक्रोग्रॅम. दुकानात गोळी घेताना पाकिटावरचा आकडा मी मोठ्याने वाचते, कारण 0.25 मिलिग्रॅम म्हणजे 250 मायक्रोग्रॅम, आमच्या डोसच्या चौपट, आणि पाकिटं दिसायला सारखीच. गोळी विसरली आणि बारा तासांच्या आत आठवली तर देते. नाहीतर सोडून देते, दुसऱ्या दिवशी दोन कधीच नाही. ज्येष्ठमध बंद आहे, त्यानेही पोटॅशियम उतरतं. जुलाब-उलट्या झाल्या किंवा दोन वेळचं जेवण गेलं की त्याच दिवशी फोन. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना यादी पर्समध्ये, आणि "डिगॉक्सिन" हा शब्द मी स्वतः उच्चारते.

वहीत एक रकाना वाढवला आहे: जेवण. आणि ठोक्यांच्या आकड्यापुढे एक अक्षर, "अ" किंवा "नि". काल 74, अ. जेवण पूर्ण. पुढची तपासणी सोमवारी सकाळी आहे.