सायलेन्सरच्या बाजूचा हूक

श्रीनगरहून कन्याकुमारीला जायचं तर ४४ नंबरचा महामार्ग धरून नागपूर, हैदराबाद, बेंगळुरू असं नाकासमोर खाली उतरायचं. आम्ही दोघं भावंडं मात्र दोन बुलेट घेऊन इंदूर-धुळे-नाशिक-पुणे असा वळसा घालत कोल्हापुरात आलो, कारण तिथे मावशी राहते. साताऱ्याच्या पुढे रस्त्याचं काम, जरा वेग घेतला की डायव्हर्शन, तोंडात धूळ. त्या दिवसाबद्दल याहून जास्त लिहावंसं वाटत नाही.

मावशीने आल्या आल्या पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या पुढे केल्या. मी नको नको म्हणत असतानाच तिसऱ्यांदा वाटी भरली. कोल्हापुरात पाहुण्याचं ‘पुरे’ कोणी ऐकून घेत नाही आणि मला ते मनापासून आवडतं. अकरा दिवस ढाब्यावर जेवल्यावर तर फारच.

सकाळी निघायचं ठरलं होतं. पण रात्री काका म्हणाले, “उद्या ऱ्हावा की. उद्यमनगरात एकानं जुन्या गाड्यांचं म्युझियम केलंय, लई भारी हाय म्हणत्यात. तुम्ही गाडीवाली पोरं, बघून तर जावा.”

काका मूळचे प्रयाग चिखलीचे. नद्यांचा संगम होऊन पंचगंगा होते, ते गाव. तिथून वीसेक वर्षं त्यांनी रोज पहाटे कोल्हापुरात दुधाचा रतीब घातला, राजदूत मोटरसायकलवर. २०१९ च्या महापुरात ती गोठ्यातच बुडाली. पाणी ओसरल्यावर चिखलातून ओढून काढली आणि भंगारवाल्याला दिली. हे सगळं मावशीने सांगितलं. काका स्वतः त्या गाडीबद्दल कधी बोलत नाहीत.

उद्यमनगर मला फार आवडलं. गल्लीगल्लीत लेथ, ग्राइंडरच्या ठिणग्या, तापलेल्या ऑइलचा वास, दारावर खडूने लिहिलेलं ‘बोअर मारून मिळेल’. जुन्या काळचे नामवंत यंत्र-कारागीर म्हादबा मेस्त्री यांचं नाव आजही आदराने घेणाऱ्या या शहरात जुन्या इंजिनांना असंच ठिकाण शोभतं. म्युझियम म्हणजे एका जुन्या वर्कशॉपची शेड. पाटी नाही, तिकीट नाही. मालकांनी नाव-पत्ता लिहू नका म्हणून सांगितलंय, म्हणून लिहीत नाही.

आत तीसेक गाड्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बनलेली बीएसए एम२०, ५०० सीसीची, साइड व्हॉल्व्ह इंजिनाची. शेतकऱ्यांची लाडकी डिझेल बुलेट. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली एक जावा. तिची किक आणि गिअर हा एकच दांडा असतो, मागे उभा केला की किक, पुढे पाडला की गिअर. माझ्या भावाला हे माहीतच नव्हतं, तो तिच्यापाशी अर्धा तास बसून होता. मालक प्रत्येक गाडीचं सांगताना आपल्या मुलीबद्दल बोलावं तसं बोलत होते. पार्ट कुठून मिळवला, क्रोम कितीदा केलं, टाकीवरची रेघ हाताने मारणारा पेंटर कसा शोधला.

कौतुक होतंच. पण बघता बघता मला एक गोष्ट टोचायला लागली. सगळ्या गाड्या काल शोरूममधून आणल्यासारख्या. फूटरेस्टचं रबर कोरं, सीटवर सुरकुती नाही. चाळीस-पन्नास वर्षं या गाड्यांनी काय केलं, ते कुठे दिसतच नव्हतं.

राजदूतही होती. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बनवलेली, १७५ म्हणून ओळखली जाणारी, तीन गिअरची. काका तिच्यासमोर थांबले, हात मागे बांधून पाहिलं आणि पुढे गेले. मी विचारलं, तुमची अशीच होती ना? म्हणाले, “अशी नव्हती.”

मागच्या दारात, पत्र्याच्या आडोशाला, दुरुस्तीच्या रांगेतल्या गाड्या होत्या. त्यात एक राजदूत, गंजलेली, टाकीला पोचे, दिव्याची काच गेलेली. मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना सळईचे हूक वेल्डिंग केलेले. शेजारी ग्राइंडर काढून ठेवलेला.

काका तिथेच उकिडवे बसले. आधी डावीकडच्या हुकावरून अंगठा फिरवला, मग उठून उजवीकडचा पाहिला.

मालक म्हणाले, “काका, ही ॲक्सिडेंटची आहे. बघा ना, हा हूक वर सरकलाय. आजच कापून टाकणार आहे, मग फ्रेम सरळ करून घेऊ.”

“ॲक्सिडेंट कुठला?” काका म्हणाले. “ही सायलेन्सरची बाजू. दोन्ही हूक बरोबरीनं लावलं तर हिकडच्या कॅनचा बूड सायलेन्सरला टेकतोय. शहरात पोचंपर्यंत दूध कोमट हुतंय, उन्हाळ्यात नासतंय. म्हणून ह्यो चार बोटं वर. खाली गोणपाट बांधायचं, ही बघा तार.”

तार खरंच होती. हुकाच्या मुळाशी गुंडाळलेली, गंजून हुकाशी एकजीव झालेली. तिच्यात तागाचे दोन-तीन धागे अजून अडकलेले.

मग काका बोलतच राहिले. भरलेला कॅन कसा गप्प बसतो आणि अर्धा रिकामा झाला की आत दूध हिंदकळून वळणावर गाडी कशी ओढतो. एका बाजूचं दूध आधी संपवायचं नाही, दोन्हीकडून सारखं काढायचं. पावसात चिखलीच्या रस्त्याला दुसऱ्या गिअरच्या वर जायचंच नाही. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मालक त्यांच्या शेजारी खाली बसून ऐकत होते. चहा आला, निवला.

काका शेवटी म्हणाले, “मालक, रंग द्या, इंजिन करा, काय पण करा. हूक तेवढं ऱ्हाऊ द्या. कुणाच्या तरी पोटाला घातलंय ह्यांनी.”

मालकांनी पोराला हाक मारून खडू मागवला आणि टाकीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘हूक कापायचे नाहीत. तार पण नाही.’ मग काकांना विचारलं, गोणपाट नेमकं कसं बांधायचं ते एकदा येऊन दाखवाल का? काका म्हणाले, येतो की.

अंबाबाईचं दर्शन घेतलं, रंकाळ्यावर गेलो, चपला घेतल्या. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघालो. कागलच्या अलीकडे समोरून एक दूधवाला आला, नवी कोरी गाडी, दोन्ही बाजूंना कॅन. मी वेग कमी करून तो जवळून जाईपर्यंत पाहत राहिले. सायलेन्सरकडचा कॅन चार बोटं वर होता.