तुम्ही विचारलंत म्हणून: घरात युरेनियमचा दगड कशाला?

आमच्या फिनिक्सच्या घरी दगडांचं कपाट बघताना पाहुणे एकदा तरी विचारतातच, "हा रेडिओअ‍ॅक्टिव्ह ना? भीती नाही वाटत?" बोट असतं खालच्या कप्प्यातल्या प्लॅस्टिकच्या डबीकडे. आत करड्या दगडावर नखाएवढी पिवळी-हिरवी खपली. तिचं नाव अँडरसोनाइट.

हे युरेनियमचं कार्बोनेट. सोबत सोडियम, कॅल्शियम आणि पाणी. वजनात युरेनियम साधारण ३७ टक्के. ते पहिल्यांदा ओळखलं गेलं इथेच, अ‍ॅरिझोनातल्या हिलसाइड खाणीत. १९५१ साली त्याचं सविस्तर वर्णन छापून आलं. नाव चार्ल्स अँडरसन या भूशास्त्रज्ञाचं. आपल्याकडे जुन्या भिंतीला लोणा फुटतो ना, तसंच हे खाणीच्या भिंतीला फुटतं. खनिजातून झिरपलेलं पाणी बोगद्याच्या कोरड्या हवेत उडून जातं, खपली मागे राहते.

यूव्ही टॉर्च मारला की ती अशी हिरवी पेटते की बघणारा एक पाऊल मागे सरतो. त्याला वाटतं, हाच तो किरणोत्सर्ग! पण टॉर्च बंद केला की चमकही गेली. ती करामत युरेनिल आयनाची, म्हणजे युरेनियम-ऑक्सिजनच्या जोडणीची. पिचब्लेंड हे युरेनियमचं काळंकुट्ट खनिज हिच्याहून कितीतरी जास्त किरणोत्सारी, आणि टॉर्चखाली ढिम्म.

भीतीचं म्हणाल, तर अल्फा कण डबीबाहेर येत नाहीत. एवढ्याशा तुकड्याच्या बाकी किरणांना चार हात अंतर पुरतं. धूळ मात्र पोटात जाता कामा नये. म्हणून डबी बंद, हाताळल्यावर साबणाने हात धुणं, आणि कपाट झोपायच्या खोलीपासून लांब.

पाण्याला मात्र मी खरंच भितो. जळगाव-नाशिकचे झिओलाइट खनिजांचे दगड धुऊन ठेवायची माझी जुनी सवय. पहिल्या अँडरसोनाइटवर तसाच ओला ब्रश फिरवला. पिवळं सगळं विरघळून गेलं, हातात उरला करडा दगड. कार्बोनेटच्या जोडीने युरेनियम पाण्यात इतकं सहज उतरतं, म्हणून तर काही भागांत विहिरीचं पाणी त्यासाठी तपासावं लागतं. आंध्रातल्या तुम्मलपल्लेच्या युरेनियम खाणीत हाच गुण कामाला लावलाय: तिथला खडक चुनखडीच्या जातीचा, आम्ल ओतलं तर खडकच ते फुकट खाऊन टाकेल, म्हणून युरेनियम सोडियम कार्बोनेटने काढतात.

आई पुण्याहून आली की तिला किरणांचं काही वाटत नाही, धुळीचं वाटतं. ओलं फडकं घेऊन ती कपाटाकडे निघाली की मी आधी डबी उचलतो.