फुंकणीची फुंकर

मावशींचं वय 58. जवळजवळ चाळीस वर्षं चुलीपुढे गेलेली, बिडी-सिगारेट कधी नाही, तरीही मध्यम स्वरूपाचा सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन फुप्फुसांत हवा अडकण्याचा जुनाट आजार. छातीच्या डॉक्टरांनी औषध ओढायचा पंप सुरू करून माझ्याकडे फिजिओथेरपीला पाठवलं होतं. श्वास मिनिटाला 28, ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन 93 टक्के. श्वास घेताना खांदे कानाकडे जात, मानेचे स्नायू ताठ होत आणि पोट बाहेर येण्याऐवजी आत ओढलं जाई.

"खोल श्वास घ्या, पोट फुगवा," असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. त्या इमानेइतबारे करत होत्या. मला करून दाखवलं, तर आठव्या-नवव्या श्वासाला बोटांना मुंग्या आल्या, डोकं गरगरलं. "डॉक्टर, माझी फुप्फुसं पार गेली का हो?"

गेली नव्हती. भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड एकदम उतरतो, मुंग्या त्याच्या. आणि पोट तर श्वास न घेताही स्नायूंनी ढकलून फुगवता येतं. त्यामुळे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा मुख्य स्नायू, खाली सरकलंच असं नाही.

खाटेचं डोकं 45 अंश वर केलं, गुडघ्यांखाली उशी दिली. पोट तरी घट्टच लागलं, तेव्हा लक्षात आलं: परकराची नाडी. ती सैल करायला लावली. अशा साध्या गोष्टीपायी कितीतरी जणींचा व्यायाम वाया जातो. एक हात छातीवर, दुसरा बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली. खालचा हात हलायला हवा, वरचा जवळजवळ स्थिर.

सुरुवात श्वास सोडण्यापासून. नाकाने आत एक-दोन, ओठांचा चंबू करून बाहेर एक-दोन-तीन-चार. पण त्या गाल फुगवून जोरात फुंकत. मग विचारलं, "मावशी, निखारा फुलावा पण राख उडू नये, म्हणून फुंकणीतून कशी फुंकता?"

ओठ आपसूक जुळले. बारीक, लांब फुंकर आली. चंबूमुळे श्वासनलिकांत थोडा दाब टिकतो, त्या मिटत नाहीत आणि अडकलेली हवा निघते. मगच त्या हवेने सपाट झालेल्या श्वासपटलाला वर उठायला जागा मिळते. पुढचा श्वास आला तेव्हा पोटावरचा हात बोटभर वर आला, कुणी ढकलला नव्हता.

पाच मिनिटांनी श्वास 20 वर, ऑक्सिमीटर 94. ऑक्सिजन फारसा वाढत नाही, तशी अपेक्षाही नसते. खांदे मात्र उतरले होते.

घरी पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, जेवणानंतर लगेच नाही. मुंग्या आल्या तर थांबून नेहमीसारखा श्वास. पंप बंद करायचा नाही. छाती फारच फुगलेल्या पेशंटला पोटाने श्वास घेताना उलट जास्त धाप लागते. तिथे मी पोटाचं नावही काढत नाही. टेबलावर कोपरं टेकून पुढे वाकायचं आणि फक्त चंबूने सोडायचं.

उठताना मावशींनी नाडी पुन्हा बांधली, दोन बोटं आत घालून बघितली आणि गाठ जरा बाजूला घेतली.