पाकीट

रविवार, रात्री साडेदहा

दादा काहीच बोलला नाही.

सकाळी न सांगता आला. कळमेश्वरकडून परत येत होता, "म्हटलं छोटीकडे चहा घेऊन जाऊ." आला की बैठकीत बसेल तर शपथ. माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून उभा. आणि तिथेच, साखरेच्या डब्याशेजारी, कोपरा कापलेलं दुधाचं रिकामं पाकीट. आपल्या डेअरीचं नाही. दुसऱ्या कंपनीचं.

त्याने उचललं. उलटवून तारीख वाचली. आडव्या सीलवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बाबा फिरवायचे तसाच, आणि शेवटी जरासा दाब. ठेवून दिलं. "चहा चांगली झाली," म्हणाला. (आमच्याकडे चहा चांगलीच होते. ह्यांच्या पुण्याच्या नातेवाइकांनी माझं हे व्याकरण सुधारायचा नाद केव्हाच सोडलाय.) वहिनीचं गुडघ्याचं काहीतरी सांगितलं आणि गेला.

ओरडला असता तर बरं झालं असतं. "काय करून राहिली तू?" एवढं जरी म्हणाला असता. वहिनीच्या फ्रिजमध्ये हे पाकीट निघालं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं त्याने. मग माझ्याकडे गप्प का? गिऱ्हाईक समजून? गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, ही बाबांची शिकवण.

आमच्या घरात दुधावरून कोणी गप्प बसलंय असं मला आठवतच नाही. आजोबा सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन लावून नागपुरात बर्डीवरच्या हॉटेलांना दूध घालायचे. कोणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी कप आधी नाकाशी. म्हशीचं की गाईचं, पाणी किती, सगळं यजमानांसमोर. आजी पदरात तोंड लपवायची. बाबांची तऱ्हा वेगळी. त्यांचं बोट कायम दिनशॉ कंपनीकडे. राणा बंधूंनी 1932 मध्ये गिट्टीखदानात सुरुवात दुधापासूनच केली, आइस्क्रीम मागाहून आलं, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं. "ते पाहा आणि आपण पाहा." आणि 1992 चा तो आदेश आला, रोज 10,000 लिटरच्या वर दूध हाताळायचं तर नोंदणी करा म्हणून, तेव्हा हेच बाबा नऊ हजारांवर येऊन थबकले. कित्येक वर्षं. दुधाला भ्यायचे नाहीत, कागदाला भ्यायचे. शेवटी दादाने भरलेला अर्ज त्यांच्या ताटाशेजारी आणून ठेवला. त्या रात्री जे बोलणं झालं ते जाऊ दे. पण मोठी पाउचची मशीन, पनीर, गावोगावी दूध 4 अंशांवर ठेवणारे कूलर, भंडाऱ्यापर्यंत फिरणारे टँकर, सगळं त्या ताटानंतरचं.

आणि मी? कॉलेजातून आले की तीन वर्षं रोज दुपारी फॅट काढायचे, म्हणजे दुधात ती किती टक्के ते मोजायचे. आधी तेजाब 10 मिली, मग दूध 10.75 मिली, नळीच्या कडेने, हळू, घाईने सोडलं तर जळतं. वर 1 मिली अमाईल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की नळी फडक्यातूनसुद्धा चटका देते आणि आतलं दूध बघता बघता चॉकलेटी होतं. मग मशीनमध्ये फिरवायची, गरम पाण्यात ठेवायची, आणि डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायची. म्हशीला 6 च्या खाली आली की गवळी माझ्याकडेच बघायचे, जसं काही मीच पाणी घातलंय. माझ्या निळ्या ओढणीला तेजाबाची पाच भोकं होती. मागच्या वर्षी कंपनीची माहितीपुस्तिका निघाली. आजोबांची सायकल आहे त्यात, चित्र काढून घेतलंय. ओढणी कशाला असेल.

रजिस्ट्रारकडे हक्कसोडाची सही मी माझ्या खुशीने केली होती. तो विषय नाही.

विषय हा की तो बोलला का नाही. दिवसभर तेच. दुपारी वरण करपलं.

आणि खरं लिहायचं तर हे पाकीट काल पहिल्यांदा आलं नाही. तीन महिने होत आले. फोनवर कोथिंबीर मागवते, त्यात दूधही टाकते, दहा मिनिटांत दारात. आपल्या दुधाच्या पोऱ्याला सोसायटीवाले लिफ्ट वापरू देत नाहीत, मी सातव्या मजल्यावर, तो पिशवी खाली वॉचमनकडे ठेवायचा, आणि मेच्या उन्हात वॉचमनची खुर्ची म्हणजे... हे सगळं मी दादाला सांगणार होते. पाठ करून ठेवलं होतं. विचारायला तर हवं ना त्याने!

संध्याकाळी पाकिटं धुवायला घेतली. धुऊन, वाळवून रद्दीवाल्याला देते, आईची सवय. पाच होती. सकाळचं नव्हतं. ओट्यावर नाही, मोरीत नाही, डस्टबिनही उपसून पाहिला. मग लख्ख उजेड पडला आणि मी ओल्या हातांनीच फोन लावला.

"दादा, पाकीट तू नेलंस?"

"हो मग. प्लॅन्टवर दाखवलं. फिल्म आपल्याहून पातळ आहे बे त्यांची, तरी सील एवढं पक्कं. काऊन, ते समजून नाही राहिलं."

म्हणजे मी सकाळपासून कोर्ट भरवून बसले आहे, आणि ह्याच्या डोक्यात प्लास्टिक! मानअपमान, सही, ओढणी, काही नाही. वहिनी कशी दिवस काढते कोण जाणे. मला हसू यायला लागलं, त्याला वाटलं लाइन खराब आहे.

"ऐक ना छोटे, उद्या एक न फोडलेलं मागवून ठेवशील? आम्ही मागवलं तर बरं नाही दिसत."

ठेवते म्हटलं. पण फॅट मी काढणार. तो म्हणाला आता मशीन एका मिनिटात काढते, नळ्या कोणी वापरत नाही. म्हटलं, एखादी तरी असेल. शोध.