बॅकप्रेशर गेलं म्हणे

माझी रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 जुनी, कार्बोरेटरवाली. दोनेक वर्षांपूर्वी मित्रांच्या नादाला लागून तिचा ओरिजिनल सायलेन्सर काढला आणि एका दुकानातून मोकळा पाईप बसवून घेतला, आत जाळी-बिळी काही नाही, सरळ आरपार. आवाज असा की गल्लीतली कुत्री मागं लागायची, मी खूश! पहिल्याच रविवारी ताम्हिणीला निघालो, मागे बायको, आणि ज्या चढावर गाडी तिसऱ्या गियरला धकधक करत आरामात जायची तिथं चक्क दुसरा टाकावा लागला. आरपीएम चढले की ठीक, पण खालचा दम गायब, आणि उतारावर थ्रॉटल सोडला की फटाके.

आमच्या मिस्त्रीने गाडीकडे न बघताच निकाल दिला, "दादा, बॅकप्रेशर गेलं तुमचं, इंजिनाला थोडं लागतंच ते." हे वाक्य मी कॉलेजपासून ऐकतोय त्यामुळे मान डोलावली, पण घरी आल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला की बॅकप्रेशर म्हणजे जळालेला गॅस बाहेर पडताना होणारा अडथळा, पिस्टनने आपलीच ताकद खर्चून तो गॅस ढकलायचा, मग अडथळ्याने पुलिंग वाढेल कसं?

तर वाढत नाहीच. खरी भानगड गॅसच्या वेगाची आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व उघडतो तेव्हा पिस्टन अजून खाली पोचलेलाही नसतो, सिलेंडरमध्ये चांगलंच प्रेशर शिल्लक असतं, त्यामुळे गॅस धाडकन सुटतो आणि मागे पोकळी ठेवत जातो, एक्सप्रेस स्टेशनात न थांबता निघून गेली की फलाटावरचे कपटे कसे तिच्या मागे ओढले जातात तसं. पिस्टन वर आल्यावर थोडा वेळ दोन्ही व्हॉल्व एकदमच उघडे असतात, तेव्हा ही ओढ उरलेला धूर बाहेर काढते आणि ताजं मिश्रण आत यायला मदत करते. पाईप गरजेपेक्षा रुंद घेतला की कमी आरपीएमला गॅस रेंगाळतो, गार होतो, ओढ संपते, कधी धूर उलटा आतही येतो. म्हणजे माझं बॅकप्रेशर नव्हे, वेग गेला होता. त्यात पाईपची लांबीही बदललेली, म्हणजे पाईपच्या तोंडावरून परत येणाऱ्या प्रेशरच्या लाटांचं टायमिंगही बिघडलं. आणि वर कार्बोरेटरमधला जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) जुनाच, स्पार्क प्लग काढून पाहिला तर खडूसारखा पांढरा, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं.

हा गैरसमज आला कुठून? माझा अंदाज, यामाहाच्या आरएक्स 100 सारख्या टू-स्ट्रोक गाड्यांवरून. टू-स्ट्रोकला व्हॉल्व नसतात, नुसते पोर्ट, त्यामुळे ताजं मिश्रण धुराबरोबरच बाहेर पळतं आणि पाईपच्या फुगलेल्या पोटाच्या शेवटच्या निमुळत्या भागावर आपटून आलेली लाट ते परत आत ढकलते. हे तंत्र 1950 च्या दशकात पूर्व जर्मनीत एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या वाल्टर काडेन यांनी रेसच्या गाड्यांवर पक्कं केलं. तिथं सायलेन्सर काढलात की गाडी मेलीच, पण तीही लाटेची करामत, कायम कोंडून ठेवलेल्या प्रेशरची नाही.

नुसतं कोंडलेलं प्रेशर काय करतं ते मामाच्या जुन्या पेट्रोल कारवर पाहिलं. आयडलला गाडी गुणाची, हायवेला ऐंशीच्या वर जायचं नाव नाही, धाप लागल्यासारखी. फिल्टर बदलला, प्लग बदलले, पंप बदलला, पैसे गेले ते गेलेच. शेवटी एकाने एक्झॉस्ट पाईपवरचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर मोजायचा गेज लावला. 2500 आरपीएमला साधारण 3 पीएसआयच्या आत असायला हवं, काटा दुपटीच्या पुढे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा एक्झॉस्टमधला डबा, आतून वितळून चोंदला होता. धूर बाहेर जात नाही म्हटल्यावर नवी हवा येणार कुठून!

माझा ओरिजिनल सायलेन्सर माळ्यावरच होता, तो परत चढवला. मोठा जेट टाकून मोकळा पाईपही थोडाफार सुधारला असता, पण 2019 पासून आवाजाचा दंड 10,000 पर्यंत जातो आणि शेजारच्या आजी तशाही बोलायच्या बंद झाल्या होत्या. परवा प्लग पाहिला, मस्त बिस्किटाच्या रंगाचा, म्हणजे मिश्रण बरोबर. ताम्हिणीचा तो चढ परत तिसऱ्यावर.