बिल नंबर १२/७ कुठे गेलं?

सोमवार, ११ ऑगस्ट २०२५. जुलैच्या विक्रीचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्या दादांच्या बिलांचे फोटो दुपारी चारला व्हॉट्सॲपवर यायला लागले. बिलं, नोंदी, पत्रव्यवहार असं ऑफिसचं काम मी घरून करते. रिटर्न दादांचे सीए भरतात, पण त्यासाठीची एक्सेल शीट माझ्याकडून जाते.

"ताई, पोराने शीट भरलीच आहे, तुम्ही फक्त नजर टाका," दादा म्हणाले.

नजर पहिल्याच रकान्यात अडकली. बिल नंबराच्या जागी ४५८३९, ४५८४०, ४५८४१. दादांच्या बिलांचे नंबर १/७, २/७ असे असतात. एक्सेल त्यांना १ जुलै, २ जुलै समजतं. पोराला तारखा दिसल्या म्हणून त्याने रकाना 'टेक्स्ट' केला, तेव्हा त्या तारखांमागचा आकडा वर आला. १२/७ चं ४५८५० झालं. टाइप केल्यावर टेक्स्ट करून उपयोग नसतो, मूळ नंबर परत येत नाही. रकाना आधी निवडून टेक्स्ट करायचा, मगच टाइप करायचं. एखाददुसरा नंबर असेल तर आधी एकेरी अवतरणचिन्ह द्यायचं. हा नंबर खरेदीदाराच्या २बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवर त्याला दिसणाऱ्या खरेदीच्या यादीत, जसाच्या तसा दिसतो. त्याच्या वहीत १२/७ आणि तिथे ४५८५० असेल तर बिल जुळत नाही.

सगळे नंबर फोटोंवरून पुन्हा घातले. २७ बिलं, पण शेवटचा नंबर २८. एकोणिसावं गायब. फोन केला तर ते रद्द झालेलं निघालं. रद्द बिलही सांगावं लागतं: कुठून कुठपर्यंत नंबर फाडले, त्यातले रद्द किती.

मग जीएसटी नंबर. व्हॉट्सॲपचा फोटो दाबला जातो आणि ५ चा एस, शून्याचा ओ दिसतो. पंधरा खुणांची रचना पाठ असली की यातलं बरंचसं सुटतं: पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा पॅन, म्हणजे पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. तेराव्या खुणेवरून त्या पॅनवरची त्या राज्यातली कितवी नोंदणी ते कळतं, चौदावी सहसा झेड, पंधरावी पडताळणीची. ३ की ८ हा घोळ मात्र रचनेने सुटत नाही. तो नंबर पोर्टलवर शोधून नाव बघायचं.

खरी चूक सापडली ती नाव बरोबर असलेल्या बिलात. करपात्र रक्कम १,४०,०००, आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी) १८ टक्के, म्हणजे २५,२००. पण शीटमधला नंबर २७ ने सुरू होणारा, महाराष्ट्राचा. नाशकातल्या नाशकात साध्या विक्रीला आयजीएसटी कसा लागेल? फोटो मोठा करून पाहिला तर बिलावर २४. माल त्या कंपनीच्या गुजरातच्या कारखान्यात गेला होता. पोराने नावावरून जुन्या यादीतला नाशिकचा नंबर उचलला होता. दोन्ही नंबर खरे, दोन्हींचं नाव एकच, म्हणून पोर्टलवर शोधूनही हे पकडता आलं नसतं.

हे तसंच गेलं असतं तर २५,२०० चं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, गुजरातच्या कारखान्याला दिसलं नसतं, आणि दादांचं पेमेंट तिथेच अडकलं असतं. भरल्यानंतर त्याच महिन्यात जीएसटीआर-१ए ने दुरुस्ती करता येते, पण खरेदीदाराचा जीएसटी नंबर त्यात बदलत नाही. तो पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्येच. आता प्रत्येक शीटला मी एक जादा रकाना ठेवते: नंबराचे पहिले दोन आकडे २७ असून आयजीएसटी असेल, किंवा २७ नसून सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी) असेल, तर ती ओळ लाल होते. लाल म्हणजे चूकच असं नाही, सेझमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) ग्राहकाला राज्यातही आयजीएसटीच लागतो. पण त्या ओळीचं बिल उघडून बघायचं.

पावणेआठला शीट सीएंकडे गेली. रिटर्न भरतानाचा ओटीपी दादांच्या मोबाइलवर येतो, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की आठ ते नऊ फोन हाताशी ठेवा, मशीनवर असलात तरी. साडेआठला रिटर्न भरलं गेलं.

दुसऱ्या दिवशी दादांना लेखी पाठवलं: बिलं ५ तारखेपर्यंत, फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून, चाळीस बिलांपर्यंत ठरलेले पैसे, पुढे बिलामागे वेगळे. आणि बिलाचा नंबर १/७ ऐवजी एफ-००१ असा.