दंड बोलला, खांदा गप्प

मी पालिकेच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, ईएमजीच्या, म्हणजे स्नायूंच्या विद्युत तपासणीच्या खोलीत. स्नायूत बारीक सुई घालायची आणि स्पीकरवर तो काय बोलतोय ते ऐकायचं. त्या वेळी पंखा बंद, कुणाचा मोबाईल चार्जिंगला असेल तर तोही काढायचा, नाहीतर 50 हर्ट्झची घरघर सगळं गिळून टाकते. एप्रिलात मुंबईत पंखा बंद म्हणजे पेशंट आणि मी दोघंही घामाने निथळतो.

मागच्या आठवड्यात ठाण्याजवळच्या दिव्याहून एक 24 वर्षांचा मुलगा आला, डिलिव्हरीचं काम करायचा. ऑगस्टमध्ये बाईक खड्ड्यात गेली, मान आणि खांदा विरुद्ध बाजूंना ताणले गेले, तेव्हापासून उजवा हात खांद्यातून उचलेना आणि कोपरात वाकेना. दुखावला होता ब्रेकियल प्लेक्ससचा, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याचा, वरचा भाग. कॉलरबोन जुळलं आणि "नस दबलीय, येईल हळूहळू" असं सांगून त्याला घरी पाठवलं. तीन-चार आठवड्यांनी ईएमजीला कुणी पाठवलं असतं तर, हे मी दर महिन्याला म्हणते आणि दर महिन्याला चिडते.

डिसेंबरात घरच्यांनी एका खासगी क्लिनिकात स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलं. कमरेच्या हाडातून मगज काढून त्यातल्या पेशी दंडात आणि खांद्यात टोचल्या. त्यात आईच्या पाटल्या गेल्या.

बायसेप्समध्ये, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूत, सुई घातली. आधी पत्र्यावर पाऊस पडावा तशी टपटप, म्हणजे फिब्रिलेशन, नस हरवलेल्या स्नायूचा आवाज. मग म्हटलं, वाकव, जोर लाव, आणि त्या पावसात तीन-चार बारके, दातेरी पोटेन्शियल, म्हणजे स्नायूचे विद्युत ठोके, उमटले. नवे तंतू पोचल्याची खूण! 14 वर्षं झाली, तरी तो आवाज आला की अंगावर काटा येतो.

आई लगेच म्हणाली, "बघा मॅडम, इंजेक्शन लागलं."

डेल्टॉइडमध्ये, खांद्यावरच्या स्नायूत, नुसता पाऊस. मग सुप्रास्पायनेटस, खांद्याच्या पात्यावरचा, हात उचलायला लागणारा स्नायू. तिथे वरून ट्रॅपिझियस हा मान-पाठीचा मोठा स्नायू पसरलेला असतो, सुई उथळ राहिली की त्याचीच पोटेन्शियल दिसतात आणि नवखे लोक खूश होऊन "रिकव्हरी" लिहून टाकतात. मी हाडाला टेकेपर्यंत आत गेले. जोर लावायला सांगूनही गप्प. आणि हा स्नायू मानेला दंडापेक्षा कितीतरी जवळ आहे, तंतू दंडापर्यंत पोचले आणि इथे नाहीत, याचा अर्थ ही वाट बहुतेक तुटलेलीच आहे.

वडिलांना कागदावर हिशोब करून दाखवला. नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, मानेपासून दंडाच्या स्नायूपर्यंत 20-25 सेंटिमीटर, अपघाताला 8 महिने झाले. म्हणजे काका, इंजेक्शन नसतं तरी दंड याच सुमारास जागा झाला असता. झाला असता की नाही हे मला या एका मुलावरून सिद्ध करता येणार नाही, आणि क्लिनिकलाही नाही. म्हणून तर ट्रायल लागते, तुलनेला दुसरा गट लागतो. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची गाईडलाईन हेच सांगते, रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल ट्रायलबाहेर द्यायच्या नाहीत.

मला या संशोधनाबद्दल खरंच आस्था आहे. तुटलेल्या नसेच्या पलीकडच्या भागात श्वान सेल्स, म्हणजे नसेच्या तंतूंना सांभाळणाऱ्या पेशी, कचरा साफ करतात, रांगा लावून नव्या तंतूला वाट दाखवतात, पण महिनोन्‌महिने तंतू आलाच नाही की त्या थकतात. चरबीतल्या किंवा मगजातल्या पेशींना श्वान सेलसारखं घडवून नळीतून तुटलेल्या जागी ठेवायचं, हे उंदरांमध्ये चांगलं जमलंय. पण उंदराच्या पायातलं अंतर ते केवढं! आणि तिथे पेशी नसेच्या फटीत ठेवतात, अशा स्नायूत टोचत नाहीत.

खांद्यासाठी अजून रस्ता आहे. ट्रॅपिझियसची नस वेगळ्या वाटेने येते, ती शाबूत आहे, सर्जन तिचाच एक भाग खांद्याच्या नसेला जोडतात. पण सहा महिन्यांच्या आत केलेलं उत्तम, आणि वर्ष-दीड वर्षात स्नायूच नस घ्यायला तयार राहत नाही. हे सगळं सांगितल्यावर वडिलांनी शांतपणे विचारलं, "मग दुसरा डोस घेऊन तीन महिने थांबलो तर?"

मी चिठ्ठीवर मंगळवारची सर्जरी ओपीडी लिहिली, खाली लाल पेनाने रेघ मारली. मुलगा मात्र दुसऱ्या हाताने दंड दाबून बघत होता, म्हणाला, "मॅडम, तो आवाज परत एकदा ऐकवाल?"

मंगळवारी दुपारी खाली जाऊन यादी बघितली. त्याचं नाव नव्हतं. फोन लावला तर आई म्हणाली, गुरुवारी क्लिनिकची तारीख आहे, ती झाली की येतो.